कॉम्प्रेसर हवा भरेनासा झाला तर: टाकीपासून रीडपर्यंतची तपासणी, दुरुस्ती आणि बदली

माझं वर्कशॉप रत्नागिरीजवळ आहे. तिथला दोन एचपीचा, १६० लीटर टाकीचा, दोन सिलिंडरचा बेल्टवरचा कॉम्प्रेसर गेल्या पावसाळ्यात मंदावला. पूर्वी सकाळी बटण दाबून चहा टाकला, की गाळेपर्यंत टाकी ८ किलोवर (दर चौरस सेंटीमीटरला ८ किलो दाब) जाऊन कॉम्प्रेसर आपोआप बंद व्हायचा. आता वीस मिनिटं झाली तरी काटा ५-६ किलोवर रेंगाळायचा आणि पंपाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, इतकं तापायचं की हात लावायची सोय नव्हती. जो येईल तो एकच सांगायचा, "आता नवाच घ्या."

घाईने नवा घेऊ नका आणि घाईने पानाही हातात घेऊ नका. कॉम्प्रेसर म्हणजे मोटर, पंप आणि टाकी या तीन स्वतंत्र वस्तू एका चौकटीवर बसवलेल्या असतात. पंप पुन्हा पुन्हा उघडून जोडता येतो आणि मोटरचं रिवाइंडिंग होतं. टाकी मात्र एकदा गंजली की संपली, तिची दुरुस्ती नसते. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करायची. बहुतेक जण हेड खोलून सुरुवात करतात, पैसे घालतात आणि टाकीकडे सर्वांत शेवटी बघतात, किंवा बघतच नाहीत.

हात लावण्याआधी

स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा. थ्री फेज असेल तर मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवा. हे मी अनुभवाने सांगतो. बेल्टची जाळी काढून मी पुलीचा बोल्ट बघत होतो. टाकी हळूहळू गळत होती, दाब ६ किलोच्या खाली गेला आणि प्रेशर स्विचने मोटर चालू केली. बोट बेल्टपासून चार इंचांवर होतं. शांत उभा असलेला कॉम्प्रेसर बंद आहे असं कधीही समजू नका, तो फक्त थांबलेला असतो.

त्यानंतर टाकी पूर्ण रिकामी करा. गेज शून्य दाखवतोय म्हणून विश्वास ठेवू नका, काटा अडकलेला असू शकतो. खालचा ड्रेन कॉक उघडा आणि हवा यायची थांबली की तो उघडाच ठेवून काम करा. सिंगल फेज मोटरच्या पाठीवरचा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही करंट धरून ठेवतो. त्याच्या दोन टोकांना होल्डरमधला जुना पिवळा, तारेचा बल्ब काही सेकंद लावून तो उतरवा आणि मगच वायरींना हात लावा. हेड थंड होऊ द्या.

आधी टाकी

कोकणात टाकी आतून का सडते, याचा हिशोब साधा आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. मिनिटाला शंभर लीटर हवा ओढणारा छोटा कॉम्प्रेसर तासाला सहा घनमीटर हवा, म्हणजे जवळपास १४५ ग्रॅम पाणी आत घेतो. हवा दाबून थंड झाली की त्यातलं बरंचसं पाणी टाकीच्या तळाला जमतं. तासाभराच्या सलग कामात अर्धी वाटी पाणी सहज होतं. रोज ड्रेन केलं नाही तर ते तिथेच बसून पत्रा खातं. देशावर उन्हाळ्यात हे प्रमाण कमी असतं, पण जुलैमध्ये कोल्हापूर-साताऱ्यालाही सूट नाही.

ड्रेनमधून काय येतं ते पांढऱ्या डब्यात धरून बघा. नुसतं पाणी ठीक. दुधाळ पाणी म्हणजे तेल मिसळलंय. तांबड्या रंगात गंजाच्या चकत्या आल्या तर टाकी आतून सुटायला लागली आहे. मग मोठा प्लग किंवा ड्रेनचा नट पूर्ण काढा आणि टॉर्च लावून आत बघा. मोबाइलला जोडायचा बारीक केबल कॅमेरा मिळाला तर उत्तम, गॅरेजवाल्यांकडे हल्ली तो असतोच. बाहेरून तळाचा रंग खरवडून बघा. पाय आणि चाकांचे ब्रॅकेट जिथे वेल्ड केलेत तो भाग, तळाची मधली रेघ आणि ड्रेनच्या भोवतीची जागा, इथे गंज आधी येतो. टाकी रिकामी असताना, आणि फक्त रिकामी असतानाच, लहान हातोडीने टिचक्या मारत जा. चांगला पत्रा खणखणतो, पातळ झालेला किंवा गंज साठलेला भाग भद्द वाजतो.

माझ्या टाकीचा मागच्या पायाशेजारचा तळहाताएवढा भाग भद्द वाजला. रंग खरवडल्यावर खाली ओलसर तांबडा डाग होता, अगदी टाचणीच्या टोकाएवढा. वेल्डिंगवाला ओळखीचा. तो म्हणाला, "दादा, पाच मिनिटांचं काम आहे, एक टिपका मारतो." मी नको म्हटलं. तुम्हीही नको म्हणा. ते भोक एकटं नसतं, त्याच्या आजूबाजूचा पत्रा आतून तितकाच पातळ झालेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो आणखी कमजोर होतो आणि टाकी पुढे भोकातून न गळता पट्टीसारखी फाटते. ८ किलो दाबाने टाकीच्या प्रत्येक चौरस इंचावर सुमारे ११४ पौंडांचा जोर असतो. टाकी कोपऱ्यात तुमच्या पायाशी उभी असते, हे डोळ्यांसमोर आणा. एम-सील, ब्रेझिंग, वरून पॅच, कशानेही टाकी बरी होत नाही.

शंका असेल तर दोन चाचण्या करून घ्या. अल्ट्रासॉनिक यंत्राने बाहेरूनच पत्र्याची जाडी मोजता येते. माझी टाकी आंबा घाट चढून कोल्हापूरला नेली, तेव्हा मूळ ४ मिमीच्या पत्र्यात त्या डागाच्या आसपास २.३ मिमी उरला होता. दुसरी हायड्रो टेस्ट: टाकी पाण्याने काठोकाठ भरून, सगळी हवा काढून, हातपंपाने कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात. ती पाण्यानेच करतात, कारण पाणी दाबलं तरी जवळपास आकसत नाही. टाकी फाटली तर पाणी गळतं आणि विषय संपतो, हवा असती तर स्फोट झाला असता. म्हणून ही चाचणी घरी हवा भरून करू नका.

दाब प्रमाणाबाहेर गेला की हवा सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी आठवड्यातून एकदा ओढून बघायची. ती अडकली असेल तर व्हॉल्व्ह बदला. तो गळतो म्हणून प्लग मारणारे लोक मी पाहिले आहेत. तसा कॉम्प्रेसर कुठे दिसला तर मालकाला तिथल्या तिथे सांगा.

दाब नक्की कुठे जातो?

टाकी धडधाकट निघाली तरच पुढची चाचणी हवा भरून करा. टाकी संशयास्पद असेल तर ही पायरी सोडून थेट पंपाकडे जा.

टाकी भरा, प्लग काढा, टाकीचा बाहेरचा कॉक बंद करा आणि दहा मिनिटं काटा बघा. काटा हलला नाही, पण कॉक उघडल्यावर पडू लागला, तर दोष लाइनमध्ये आहे: कपलर, पाइपचे सांधे, गनचा ट्रिगर. साबणाच्या पाण्याचा फेस करून ब्रशने लावत जा. "कॉम्प्रेसर गेला" म्हणून आलेल्या किती तरी तक्रारी माझ्याकडे दोन झिजलेल्या कपलरवर संपल्या आहेत.

कॉक बंद असूनही काटा पडत असेल तर प्रेशर स्विचखालच्या बारीक नळीचा आवाज ऐका. कॉम्प्रेसर थांबताना तिथून दोन-तीन सेकंद फुस्स होणं बरोबर आहे, हेडमध्ये अडकलेली हवा तिथून सुटते. ती फुसफुस थांबतच नसेल तर टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळतोय. तो खोला, आतली रबरी किंवा टेफ्लॉनची चकती बघा, बसण्याची जागा साफ करा. बहुधा चकतीवर करपलेल्या तेलाच्या कोळशाचा कण चिकटलेला असतो.

आता वेळ मोजा. काटा ४ किलोवरून ६ किलोवर जायला किती वेळ लागतो ते बघा. दोन किलोचा फरक, १६० लीटर टाकी, म्हणजे पंपाने सुमारे ३१० लीटर बाहेरची हवा आत ढकलली. नवा असताना माझ्या कॉम्प्रेसरला दोन मिनिटं लागायची, मी ते वहीत लिहून ठेवलं होतं. म्हणजे मिनिटाला १५५ लीटर. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला एक घनफूट, म्हणजेच २८.३ लीटर, तेव्हा साडेपाच सीएफएम झाले. बिघडल्यावर त्याच टप्प्याला पाच मिनिटं लागू लागली, म्हणजे सव्वादोन सीएफएम. हा आकडा हातात असला की "कमी भरतोय" या तक्रारीला माप मिळतं आणि दुरुस्तीनंतर फरक किती पडला ते कळतं. नवा कॉम्प्रेसर आणला की पहिल्या दिवशीच ही वेळ मोजून टाकीवर पेंटने लिहून ठेवा.

मोटर नुसती घूं करते

टाकी रिकामी करून पुन्हा चालू करा. रिकाम्या टाकीवर सुरू होत असेल तर हेडमध्ये दाब अडकतोय, पुन्हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि ती बारीक नळी बघा. तरीही होत नसेल तर प्लग काढून बेल्ट उतरवा आणि नुसती मोटर चालवून बघा. बेल्टशिवायही घूं करत असेल तर दोष कपॅसिटर, आतला सेंट्रीफ्यूगल स्विच किंवा वाइंडिंगमध्ये आहे. फुगलेला किंवा तेल सुटलेला कपॅसिटर नुसता बघूनही ओळखता येतो. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त घ्या. गावाकडे व्होल्टेज पडतं तिथे लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरने ते आणखी पडतं आणि कपॅसिटर वारंवार जातात. दोन एचपीच्या सिंगल फेज मोटरला किमान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर थेट बोर्डापासून ओढा.

पंपाचं हेड खोलताना

खोलण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. एअर फिल्टर काढून कॉम्प्रेसर चालू करा आणि तोंडाशी तळहात धरा: हवा फक्त आत ओढली जायला हवी. ठोक्यागणिक हवा हातावर उलटी येत असेल तर सक्शनचा रीड, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी पातळ पट्टी, तुटलाय किंवा नीट बसत नाही. मग तेलाची टोपी काढा. तिथून भक्‌भक्‌ हवा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. टाकीच्या कॉकसमोर पांढरा कागद धरा. तेलाचे शिंतोडे उडाले तरीही संशय रिंगांवरच. शेवटी प्लग काढून बेल्ट उतरवा आणि फ्लायव्हील, म्हणजे पंपाची मोठी पुली, हाताने पुढे-मागे हलवा. टक्-टक् खेळ जाणवला तर कनेक्टिंग रॉड किंवा बेअरिंग झिजलंय.

बोल्ट थंड हेडवरच सोडवा, आडवे-तिडवे, थोडे थोडे. हेड निघाल्यावर व्हॉल्व्ह प्लेट (रीड बसवलेली प्लेट) उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. रीड उलटा बसला तर पंप हवाच भरत नाही, आणि ही चूक सगळ्यांकडून होते. माझ्या प्लेटवर डिलिव्हरीच्या बाजूला काळा, चकाकता कोळसा चढला होता, करपलेल्या दुधाच्या भांड्यासारखा. तो पितळी ब्रशने निघाला, तेव्हा खाली दिसलं की एका रीडचं टोक गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढं तुटून गेलंय. एवढ्याशा तुकड्याने अर्धी हवा परत सिलिंडरमध्ये यायची, पुन्हा दाबली जायची, आणि हेड तापत राहायचं. तुटलेला तुकडा शोधा. तो पिस्टनच्या डोक्यावर राहिला तर पहिल्याच फेरीत बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडा पाडतो.

प्लेट सपाट आहे का ते बघायला जाड काच घ्या. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, वर थोडं तेल, आणि प्लेट इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवा. आधी प्लेटवर मार्करने रेघा मारून ठेवल्या तर कुठे खोलगट आहे ते लगेच कळतं. शेवटी ८०० नंबरचा पेपर. रीड मात्र घासायचा नाही, वाकडा असेल तर सरळही करायचा नाही. तो स्प्रिंगच्या पोलादाचा असतो, नवाच घ्या, पॅकिंगही नवीच. हेडमध्ये सिलिकॉन लावू नका. दाबलेली हवा तिथे दीडशे अंशांच्या वर असते, सिलिकॉनचे तुकडे सुटून नव्या रीडखाली जाऊन बसतात. हेड, प्लेट किंवा फिल्टर पेट्रोलने धुऊन ओलं बसवणं धोक्याचं आहे. त्या तापमानात पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा.

हेडपासून टाकीपर्यंतची तांब्याची नळीही काढून आत बघा. कोळशाने अर्धी भरली असेल तर बदला.

रिंगा, बोअर आणि खर्चाचा निर्णय

सिलिंडर काढल्यावर आतून वरच्या काठाखाली नख फिरवा. नखाला पायरी लागली तर बोअर झिजलाय. जुनी रिंग बोअरमध्ये पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि तोंडाची फट फीलर गेजने मोजा. ७० मिमीच्या बोअरला नव्या रिंगची फट साधारण ०.२५ ते ०.३५ मिमी असते. पुस्तिका असेल तर तिच्यातला आकडा धरा. माझ्या रिंगांची फट जवळपास एक मिमी झाली होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगवाल्या मिस्त्रींकडे सिलिंडर नेले. मी बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घ्यायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी बोअर गेज वर, मध्ये, खाली फिरवला आणि म्हणाले, "साहेब, बोअर मारू नका, होनिंग पुरे. रिंगा घाला फक्त." झिजेतला फरक ०.१ मिमीच्या आत असेल तर मीही आता होनिंगवरच, म्हणजे बोअर आतून बारीक घासून घेण्यावरच, थांबतो. त्याच्या पुढे गेला तर रिबोअर, आणि ओव्हरसाइज पिस्टन मिळत नसेल तर नवा सिलिंडर.

माझं गणित असं: रीड, पॅकिंग, रिंगा आणि होनिंग एवढ्यात काम भागत असेल तर डोळे झाकून दुरुस्त करा. क्रँक, रॉड, बेअरिंग आणि बोअर सगळंच गेलं असेल आणि खर्च नव्या नुसत्या पंपाच्या निम्म्यावर जात असेल, तर मोटर आणि टाकी ठेवून पंप बदला. टाकी गेली असेल आणि पंप चांगला असेल तर नुसती टाकी घ्या. पंप आणि टाकी दोन्ही गेले तरच संपूर्ण नवा. माझा पंप सुधारला आणि टाकी नवी आली. नव्या टाकीवर कारखान्याची पाटी हवीच: डिझाइनचा दाब, चाचणीचा दाब, वर्ष आणि क्रमांक. दाबाच्या टाक्यांसाठी आयएस २८२५ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख आणि चाचणीचं प्रमाणपत्र मागून घ्या. बिनपाटीची स्वस्त टाकी घेऊ नका.

जोडणी

रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका, तीन रिंगा असतील तर १२०-१२० अंशांवर ठेवा. बोअरला तेलाचा हात लावून सिलिंडर बसवा. हेडचे बोल्ट आडवे-तिडवे तीन फेऱ्यांत आवळा, आणि पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर पुन्हा एक फेरी घ्या.

तेल कॉम्प्रेसरचंच घाला, व्हीजी १०० किंवा पुस्तिकेत असेल तो ग्रेड. मोटरसायकलचं उरलेलं इंजिन ऑइल चालतं असं बरेच जण म्हणतात. त्यातली डिटर्जंट द्रव्यं पाण्याला धरून ठेवतात आणि तापलेल्या रीडवर कोळसा धरतो. पातळी काचेच्या मध्यापर्यंत ठेवा. जास्त तेल घातलं तर ते हवेबरोबर बाहेर येतं, आणि रंगकाम करणाऱ्याचा अख्खा दरवाजा माशाच्या डोळ्यांसारख्या डागांनी भरतो.

बेल्ट अंगठ्याने मध्यभागी दाबल्यावर १० ते १२ मिमी खाली जावा, दोन्ही पुली एका रेषेत असाव्यात. हवा वाढावी म्हणून मोटरची पुली मोठी करू नका. पंप जास्त फिरेल, पण मोटर जळेल. फ्लायव्हीलवरचा बाण बघून फिरण्याची दिशा तपासा. त्याच्या पात्यांनी सिलिंडरवर वारा यायला हवा. थ्री फेजमध्ये उलटं फिरलं तर मेन बंद करून कोणत्याही दोन वायरी बदला.

पहिला अर्धा तास टाकीचा कॉक पूर्ण उघडा ठेवून बिनदाबाचं चालवा. मग ३-४ किलोवर थोडा वेळ, मगच पूर्ण दाब. साधारण ५० तासांनी तेल बदला, त्यात रिंगांची बारीक भुकटी दिसेल. माझा कॉम्प्रेसर ४ ते ६ किलोला आता सव्वादोन मिनिटं घेतो.

नवाच घ्यायचा असेल तर

टाकीच्या लीटरवर जाऊ नका. मोठी टाकी हवा साठवते, तयार करत नाही. तुमच्या साधनांना किती सीएफएम लागतात ते बघा. पंक्चर, ब्लो गन आणि खिळ्यांच्या गनला थोडी हवा पुरते. अर्ध्या इंची इम्पॅक्टला (नट सोडवायच्या गनला) चालू असताना चार-पाच सीएफएम लागतात, आणि स्प्रे गन सलग आठ-दहा मागू शकते. पाटीवर बहुधा पिस्टन डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टनच्या मापावरून काढलेला कागदी आकडा, लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष हाती येणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याच्या साठ-सत्तर टक्केच असते. दुकानदाराला एफएडीच विचारा. २८०० आरपीएमचे थेट मोटरवरचे छोटे कॉम्प्रेसर साइटवर न्यायला सोयीचे असतात, पण दिवसभराच्या गॅरेजला बेल्टवरचा संथ पंपच घ्या, तो थंड राहतो आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात.

भिंतीपासून फूटभर अंतर सोडा. ग्राइंडिंगची धूळ आणि रंगाच्या वाफा फिल्टरकडे येऊ देऊ नका. लाइनला पाण्याची पीव्हीसी पाइप वापरू नका, ती हवेच्या दाबाने फुटली की काचेसारखे तुकडे उडतात. मुख्य लाइनला थोडा उतार द्या आणि फाटे पाइपच्या वरच्या बाजूने काढा, म्हणजे पाणी साधनात न येता शेवटच्या ड्रेनकडे जाईल.

जुनी टाकी भंगारवाल्याला तशीच देऊ नका. रंग मारून ती दुसऱ्या कुणाच्या तरी पंपाखाली जाऊ शकते. मी सगळे प्लग काढले, आतलं तेल साबणाच्या पाण्याने धुतलं, टाकी आडवी ठेवून, खालचा ड्रेन पुन्हा बंद करून, वरचा थोडा भाग सोडून पाण्याने भरली आणि त्या वरच्या भागाला ग्राइंडरने हातभर लांब चीर दिली. पाणी सोडल्यावर त्या चिरेतून आत टॉर्च मारला. तळाला बोटभर जाड तांबडा चिखल होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या डागावर आतून नुसतं दाबलं, आणि ते आरपार गेलं.